लाकडाच्या लेथची हत्यारे स्वतः कशी बनवावीत

लाकडाच्या लेथवर लाटणी, पलंगाचे पाय किंवा देव्हाऱ्याचे खांब कातणाऱ्याला हत्यारांची अडचण लवकरच जाणवू लागते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पटाश्या मुळात सुतारकामासाठी घडवलेल्या असतात. त्यांची मूठ आखूड असते, पाते पातळ असते आणि फिरत्या लाकडावर त्यांची धार फार काळ टिकत नाही. खास लेथसाठी बनवलेली, लांब मुठीची हायस्पीड स्टीलची हत्यारे मिळतात, पण ती महाग असतात आणि बहुधा बाहेरून मागवावी लागतात. कोल्हापुरात मात्र या अडचणीवर चांगला मार्ग आहे. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात धातूकामाचे लेथ दिवसभर चालू असतात, आणि त्या लेथना लागणारे कठीण पोलादाचे तुकडे तेथील टूल्सच्या दुकानांत सुटे मिळतात. जे पोलाद बिडाला आणि लोखंडाला कापते, ते शिसवीला आणि बाभळीला सहज पुरून उरते.

हत्यार बनवण्यातला खरोखर अवघड भाग म्हणजे पोलादाला योग्य कठीणपणा आणणे. तो भाग कारखान्यात आधीच पार पडलेला असेल, असाच तुकडा घ्यावा आणि आपण तो घट्ट धरण्याची, टेकवण्याची, मूठ बसवण्याची व धार लावण्याची जबाबदारी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. या मार्गाने गेल्यास घरच्या छोट्या कार्यशाळेत केलेले हत्यार विकतच्या हत्याराच्या बरोबरीने काम करते.

पोलाद कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये

हायस्पीड स्टीलच्या एम-2 या सर्वत्र चालणाऱ्या जातीत सुमारे 6 टक्के टंगस्टन, 5 टक्के मॉलिब्डेनम, 4 टक्के क्रोमियम आणि 2 टक्के व्हॅनेडियम असते. या मिश्रणामुळे ते 500 अंश सेल्सिअसच्या पुढे तापले तरी आपला कठीणपणा सोडत नाही. त्यामुळे ग्राइंडरवर धार लावताना टोक निळे पडले, तरी नुकसान होत नाही. परंतु ते कठीण करण्यासाठी सुमारे 1200 अंश तापमान आणि त्यावर काटेकोर नियंत्रण लागते, जे लोहाराच्या भट्टीत साधत नाही. म्हणून हायस्पीड स्टील नेहमी तयार, कठीण केलेलेच घ्यावे आणि त्याला केवळ घासून आकार द्यावा. त्याला वेल्डिंग करण्याचा मोहही टाळावा, कारण जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि ऐन कामात तुटतो.

कार्बन पोलादाची गोष्ट वेगळी आहे. ते साध्या भट्टीत तापवून, तेलात बुडवून कठीण करता येते, पण धार लावताना जास्त तापले तर लगेच मऊ पडते. गाडीचा कमानपाटा, बेअरिंगचे पोलाद आणि बाजारात सिल्व्हर स्टील म्हणून मिळणारी सळई ही याची उदाहरणे होत.

जुनी कानस घासून तिची पटाशी करावी, हा सल्ला अनेकांकडून मिळतो. लेथच्या हत्यारासाठी तो धोकादायक आहे. कानशीत एक टक्क्याहून अधिक कार्बन असतो आणि ती दाते टिकावेत म्हणून पूर्ण कठीण ठेवलेली असते, त्यामुळे ती वाकत नाही, थेट तुटते. शिवाय तिच्या प्रत्येक दातापाशी तडा सुरू होण्याची जागा तयारच असते. लाकडात हत्यार अडकले की क्षणात मोठा झटका बसतो आणि तुटलेला तुकडा चेहऱ्याकडे उडू शकतो. कानशीचे हत्यार करू नये.

भंगारातून आणलेला तुकडा कशाचा आहे हे कळत नसेल, तर त्याचे टोक ग्राइंडरला हलके लावून ठिणग्या पाहाव्यात. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात आणि टोकाशी फुलबाजीप्रमाणे फुटतात, तर हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या आखूड, गडद तांबूस असतात आणि फारशा फुटत नाहीत. साध्या लोखंडी सळईच्या ठिणग्या लांब जातात, पण त्यांना फुलोरा कमी असतो. हातात एक खात्रीचा नमुना ठेवून तुलना केली, तर ही पारख लवकर जमते.

पहिले हत्यार: गोल बारात बसवलेला बिट

सुरुवात याच हत्याराने करावी. गोल बारच्या टोकाला छिद्र पाडून त्यात हायस्पीड स्टीलचा चौकोनी बिट, म्हणजे कापणारा छोटा तुकडा, बसवायचा आणि वरून स्क्रूने आवळायचा, एवढीच त्याची रचना आहे. परदेशातील लाकूड कातणारे याला ओलँड टूल म्हणून ओळखतात. एकाच दांड्यात वेगवेगळ्या धारेचे बिट बदलून लावता येतात, हा त्याचा मोठा फायदा आहे.

यासाठी 20 मिलिमीटर व्यासाचा आणि सुमारे 350 मिलिमीटर लांबीचा माइल्ड स्टीलचा ब्राइट बार घ्यावा. अनेक जण 16 मिलिमीटरचा बार वापरतात, पण 20 मिलिमीटरचा बार त्याच्या जवळजवळ अडीच पट ताठ असतो, कारण गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बिट पाव इंची, म्हणजे दोन सुती, चौकोनी घ्यावा. त्याची बाजू 6.35 मिलिमीटर असल्याने त्याचा कर्ण 8.98 मिलिमीटर भरतो, आणि म्हणून 9 मिलिमीटरच्या गोल छिद्रात तो चारही कोपऱ्यांवर नेमका टेकतो. चौकोनी छिद्र पाडण्याची गरजच राहत नाही.

छिद्र बारच्या बरोबर मध्यावर येणे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे धातूचा लेथ नसेल, तर उद्यमनगरातील एखाद्या टर्नरकडून हे काम करून घ्यावे. ते किरकोळ काम आहे. बारचे तोंड सपाट करून, सेंटर ड्रिलने खूण पाडून, आधी 5 आणि मग 9 मिलिमीटरच्या ड्रिलने 30 मिलिमीटर खोल छिद्र घ्यावे. त्यानंतर बारच्या वरच्या बाजूस, तोंडापासून 10 आणि 20 मिलिमीटर अंतरावर, 5 मिलिमीटरची दोन छिद्रे पाडून त्यांत एम-6 चे आटे पाडावेत. टॅप फिरवताना तेल घालावे आणि प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर थोडे मागे फिरवून कचरा तोडावा. आटे पाडून झाले की 9 मिलिमीटरचे ड्रिल हाताने पुन्हा छिद्रात फिरवून आतली कुसळे साफ करावीत, अन्यथा बिट आत जात नाही.

या छिद्रांत 6 मिलिमीटर लांबीचे ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, वापरावेत. ते आवळल्यावर बारच्या पृष्ठभागाच्या किंचित आत राहतात, त्यामुळे बाहेर काहीच डोकावत नाही. डोके असलेला बोल्ट येथे कधीही लावू नये, कारण फिरत्या लाकडाच्या जवळ बाहेर आलेला कोणताही भाग बोटांना आणि लाकडाला घातक ठरतो. शेवटी बारच्या तोंडाची खालची कड कानशीने उतरती करावी, म्हणजे वाटीसारख्या पोकळ कामात बार लाकडाला घासणार नाही.

लांब बिटाचे तुकडे करायचे असतील, तर 1 मिलिमीटरच्या कटिंग डिस्कने चारही बाजूंनी खोल खाच पाडावी, बिट व्हाइसमध्ये धरावा, त्यावर जाड कापड गुंडाळावे आणि मग हातोडीच्या एका ठोक्याने तोडावा. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे करू नये. साधारण 40 मिलिमीटरचा तुकडा पुरतो. तो बारच्या बाहेर 10 ते 15 मिलिमीटर एवढाच ठेवावा.

धारेचा आकार सुरुवातीला गोल नाकाचा ठेवावा. बिटाची वरची सपाट बाजू तेलाच्या दगडावर घासून आरशासारखी करावी, टोक नखाच्या आकाराने गोलावावे आणि खालून असा उतार द्यावा की धारेचा कोन 50 अंशांच्या आसपास येईल. काम करताना बार किंचित एका कुशीवर वळवला की धार तिरकी लागते आणि लाकूड ओरबाडले न जाता सोलले जाते. आडव्या-उभ्या रेषांच्या शिसवीवर हा फरक लगेच दिसतो.

पार्टिंग टूल आणि स्क्रेपर

मोठ्या वर्कशॉपमध्ये लोखंडी बार कापण्यासाठी पॉवर हॅक्सॉ वापरतात. त्याची संपूर्ण हायस्पीड स्टीलची पाती दाते झिजल्यावर टाकून दिली जातात. सुमारे 2 मिलिमीटर जाडीच्या अशा पात्यापासून उत्तम पार्टिंग टूल, म्हणजे लाकडात अरुंद खोल खाच पाडण्याचे हत्यार, होते. मात्र काही पात्यांत फक्त दात हायस्पीड स्टीलचे आणि पाठ साध्या पोलादाची असते, म्हणून पाठीवर ठिणग्यांची परीक्षा आधी घ्यावी. पात्याचा 150 मिलिमीटरचा तुकडा कापून त्याचे दाते पूर्ण घासून टाकावेत आणि टूल रेस्टवर, म्हणजे लेथवर हत्यार टेकवण्याच्या आधारावर, टेकणारी खालची कड गोलावावी, म्हणजे रेस्टवर चरे पडणार नाहीत. मुठीत उभी फट पाडून त्यात पाते निम्म्याहून अधिक आत सरकवावे आणि आरपार दोन बोल्टनी आवळावे. यासाठी पात्यात छिद्रे पाडण्याच्या खटपटीत पडू नये, कारण साधे ड्रिल त्यावर चालत नाही; बोल्ट पात्याच्या वरून आणि खालून जातील असे योजावेत. पात्याची जाडी सगळीकडे सारखी असल्याने खोल कापात ते दोन्ही बाजूंनी घासून तापते. म्हणून खाच पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद करत जावे.

स्क्रेपरसाठी, म्हणजे लाकूड खरवडून साफ करणाऱ्या हत्यारासाठी, कमानपाटा चांगला. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास कार्बन आणि त्याशिवाय सिलिकॉन असते, त्यामुळे तो चिवट असतो. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षे वाकून पडलेले, डोळ्यांना न दिसणारे तडे असू शकतात, त्यामुळे शक्य असेल तर पाटे बनवणाऱ्याकडून नव्या पाट्याचा उरलेला तुकडा मागून घ्यावा. 8 मिलिमीटर जाडीचा, 25 ते 30 मिलिमीटर रुंदीचा आणि 250 मिलिमीटर लांबीचा तुकडा पुरेसा आहे.

पाटा आधी मऊ करावा लागतो. तो लाल तापवून राखेत किंवा कोरड्या चुन्यात रात्रभर पुरून ठेवावा, म्हणजे तो सावकाश थंड होतो आणि सकाळी कानस त्यावर चालते. मग तो पुन्हा तापवून ऐरणीवर सरळ करावा, पुढचे टोक गोल किंवा तिरके घडवावे आणि मागे मुठीत जाणारी शेपटी काढावी. शेपटी जेथे सुरू होते तेथे काटकोनी खाच ठेवू नये, तर गोलाई ठेवावी, कारण पाते तुटले तर त्याच कोपऱ्यात तुटते.

आता धारेकडचा फक्त 40 ते 50 मिलिमीटर भाग कठीण करायचा. तापवताना तो चुंबकाला लावून पाहावा. सुमारे 770 अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक तापवून, म्हणजे लाल रंग जरा उजळला की, पाते सरळ उभे तेलात बुडवावे. तेल हाताला चांगले गरम लागेल इतके, 50 ते 60 अंश, तापलेले असावे. थंड पाण्यात बुडवल्यास या पोलादाला तडा जाण्याची शक्यता असते. हे काम उघड्यावर करावे, तेल झाकण असलेल्या लोखंडी डब्यात ठेवावे आणि वाळूची बादली हाताशी असावी. थंड झाल्यावर कानस त्या टोकावरून घसरली, तर पाणी नीट चढले असे समजावे. परंतु या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते लगेच 200 ते 220 अंशांवर तासभर, आणि थंड झाल्यावर पुन्हा तासभर, तापवावे. घरचा ओव्हन यासाठी चालतो. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिका गवती पिवळा रंग आला की तापमान बरोबर आहे. रंग जांभळ्या-निळ्याकडे गेला तर धार मऊ झाली आणि सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ही खटपट नको असेल, तर आकार दिलेले पाते औद्योगिक वसाहतीतील हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे द्यावे, आणि देताना पोलादाची जात जरूर सांगावी.

सीएनसी मशिनवरचे कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारे छोटे कापणारे तुकडे, बसवूनही हत्यार करता येते, पण त्यासाठी ॲल्युमिनियम कापण्याचे, तीक्ष्ण आणि चकचकीत धारेचे इन्सर्टच घ्यावेत. पोलाद कापणाऱ्या इन्सर्टची धार मुद्दाम बोथट केलेली असते आणि ती लाकडाचे तंतू कापण्याऐवजी चेपते. 12 मिलिमीटरच्या चौकोनी बारच्या टोकाला इन्सर्टच्या आकाराची सपाट बैठक फाइल किंवा मिलिंग करून काढावी. बैठक सपाट नसेल तर स्क्रू आवळताच इन्सर्ट तडकतो.

खोल पन्हळीची, वाट्या कातण्याची गोल पटाशी मात्र विकतच घ्यावी. तिची पन्हळ जाड हायस्पीड स्टीलच्या सळईत घासून काढणे घरच्या साधनांनी अशक्यप्राय आहे, आणि पत्रा वाकवून केलेली पटाशी वाटीच्या कामात टिकत नाही.

मूठ

मुठीला लोक कमी लेखतात, हे मला फार खटकते. हत्यार लाकडात अडकले तर तो झटका सांभाळण्याची सगळी ताकद मुठीच्या लांबीत असते. पार्टिंग टूलला 250 मिलिमीटरची मूठ पुरते, पण वर सांगितलेल्या बिटाच्या हत्याराला आणि स्क्रेपरला 400 मिलिमीटरच्या आसपासची मूठ हवी, म्हणजे तिचे मागचे टोक कमरेला टेकवता येते.

लाकूड बाभळीचे असेल तर उत्तम; नांगर आणि बैलगाडीसाठी आपल्याकडे तिचाच वापर होत आला आहे. चिंच आणि शिसवही चालते. सागवान सरळ आणि हलका असतो, पण रेषेत फाटतो, त्यामुळे टोकाला धातूचे कडे बसवल्याशिवाय तो वापरू नये. लाकूड पूर्ण वाळलेले असणे हे जातीपेक्षाही महत्त्वाचे आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा लाकूड शोषून घेते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कातलेली मूठ पुढच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात आकसून तिचे पितळी कडे सैल होते. म्हणून मुठींचे ठोकळे पावसाळ्यापूर्वी आणून ठेवावेत आणि मुठी उन्हाळ्याच्या अखेरीस कातून घ्याव्यात.

कामाचा क्रम असा ठेवावा की छिद्र आधी आणि आकार नंतर. ठोकळ्याच्या टोकात बारच्या व्यासाचे 75 मिलिमीटर खोल छिद्र पाडावे, मग त्याच छिद्रात टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, शंकूसारखा सेंटर बसवून ठोकळा लेथवर चढवावा. अशा रीतीने छिद्र थोडे तिरके गेले असले, तरी मूठ त्या छिद्राभोवतीच कातली जाते आणि दांडा मुठीच्या रेषेत राहतो. हाच क्रम उलटा केला तर हत्यार कायमचे वाकडे दिसते आणि हातात वळते.

कड्यासाठी पितळी किंवा तांब्याच्या पाइपचा 25 मिलिमीटर लांबीचा तुकडा पुरतो. मुठीचे टोक पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा कणभर जाड ठेवावे, त्याची कड किंचित उतरती करावी आणि कडे लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवावे. मुठीचा मधला भाग हाताच्या पकडीला भरेल असा 32 ते 35 मिलिमीटर ठेवावा. गोल बार मुठीत इपॉक्सीने चिकटवावा. बारचा चिकटणारा भाग आधी खरखरीत पेपरने घासावा, तेलकटपणा पुसावा आणि चोवीस तास हात लावू नये. मुठीवर चकचकीत पॉलिश करू नये; घामाने हात घसरतो. जवसाच्या तेलाचे दोन हात पुरेत.

धार लावणे

साध्या बेंच ग्राइंडरवर येणारे करड्या रंगाचे चाक हायस्पीड स्टीलला तापवते आणि चिकटून चमकू लागते. त्याऐवजी 60 किंवा 80 ग्रिटचे पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक बसवावे. चाक बसवण्याआधी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलके ठोकावे. घंटेसारखा स्पष्ट आवाज आला तर चाक शाबूत आहे, भद्द आवाज आला तर त्यात तडा आहे आणि ते फेकून द्यावे. चाकावर लिहिलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त आहे याची खात्री करावी, आणि टेक व चाक यांतील अंतर 3 मिलिमीटरपेक्षा अधिक ठेवू नये.

कार्बन पोलाद घासताना ते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे. हायस्पीड स्टील मात्र तापल्यावर पाण्यात बुडवू नये, कारण अचानक थंड झाल्याने धारेवर बारीक तडे पडतात. ते हवेत थंड होऊ द्यावे. स्क्रेपरचा कोन 70 ते 80 अंश आणि पार्टिंग टूलचा 50 अंशांच्या आसपास ठेवावा. पत्र्याचा छोटा तुकडा त्या कोनात कापून ग्राइंडरजवळ टांगून ठेवल्यास दर वेळी तोच कोन मिळतो. स्क्रेपर ग्राइंडरवरून काढल्यावर त्याच्या वरच्या कडेला जी बारीक कुसळासारखी धार उभी राहते, तीच खरे काम करते, म्हणून ती दगडावर घासून काढू नये.

पहिली चाचणी

नवे हत्यार प्रथम मऊ, सरळ रेषेच्या, गाठ नसलेल्या लाकडावर आणि कमी गतीवर चालवून पाहावे. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड असावी, हातमोजे नसावेत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या असाव्यात आणि ओढणी किंवा पदर घट्ट खोचलेला असावा. लेथ सुरू करताना लाकडाच्या समोर उभे राहू नये. हत्यार आधी टूल रेस्टवर टेकवावे आणि मगच लाकडाला लावावे. स्क्रेपरची मूठ धारेपेक्षा किंचित वर धरावी, म्हणजे अडकल्यास धार लाकडात न घुसता खाली निसटते.

लाकडावर एकसारख्या बारीक लाटा उमटू लागल्या, तर धारेला दोष देण्यापूर्वी रेस्टच्या पुढे हत्यार किती बाहेर आले आहे ते पाहावे. बाहेरची लांबी दुप्पट झाली की वाकण्याचे प्रमाण आठपट होते. रेस्ट जवळ सरकवूनही लाटा राहिल्या, तर ग्रब स्क्रू सैल आहेत का ते तपासावे, आणि तेही घट्ट असतील तर बिट आणखी आत ढकलून 10 मिलिमीटरच बाहेर ठेवावा. चिकट, ओल्या लाकडावर काम झाल्यावर बिट काढून छिद्रातला भुसा फुंकून टाकावा आणि बारवर तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात एका रात्रीत छिद्राच्या आत गंज धरतो आणि मग बिट बाहेर काढणे कठीण होऊन बसते.